एफडी मोडू नका, बाबा

ती. बाबा आणि ती. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "मी एफडी मोडतो, तू बुकिंग करून टाक." मला पुढे बोलताच आलं नाही, म्हणून लिहितेय. इथे पुण्यातला, वाघोलीचा तो फ्लॅट आम्ही घेत नाही. बाबा, तुमचे पैसे आहेत तिथेच राहू द्या.

दोघं कमावतात, मग अडतंय कुठे, असं तुम्हाला वाटत असेल. हप्त्याचं अडत नाही. वीस वर्षांसाठी महिना ४७ हजारांच्या आसपास बसतो, ओढाताण करून भरला असता. अडतंय ते पहिल्याच पायरीवर. फ्लॅटची किंमत ६८ लाख. कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की बँकेला ८० टक्क्यांच्या पुढे देता येत नाही, रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे. म्हणजे १३ लाख ६० हजार आपल्या खिशातले. त्यावर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, त्यातला एक टक्का मेट्रोचा अधिभार, म्हणजे पावणेपाच लाख. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून ५ टक्के जीएसटी, ३ लाख ४० हजार. बेरीज २२ लाखांवर जाते, आणि पार्किंग, आगाऊ मेंटेनन्स अजून धरलेलंच नाही. माझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर ड्युटीत एक टक्का सूट आहे, ६८ हजार वाचतील. तेवढ्याने भागत नाही. सहा वर्षांत आमचे साठलेत ९ लाख.

बाबा, बार्शीचं घर तुम्ही कसं उभं केलंत ते मला आठवतं. आधी दोन खोल्या, वर पत्रे. मी तिसरीत असताना स्वयंपाकघरावर स्लॅब टाकला, त्या दिवशी आईने गड्यांसाठी मोठ्या पातेल्यात चहा टाकला होता. वरची खोली दादाच्या लग्नाआधी झाली. पगार वाढला तसं घर वाढलं. इथे एक खोली आज, दुसरी पाच वर्षांनी, असं घेता येत नाही. सगळे पैसे एकदम उभे करावे लागतात, आणि तेही घरात पाऊल ठेवायच्या आधी. आम्ही उधळपट्टी करतो म्हणून घर होत नाही, असं कृपा करून मनात आणू नका. मला त्याचंच फार वाईट वाटतं.

शनिवारी आम्ही परत साइटवर गेलो होतो. सॅम्पल फ्लॅटमधली दुसरी बेडरूम, जी तुमच्या दोघांसाठी धरली होती, ती मी टेपने मोजली. तिथला पलंग बघून शंका आलीच होती. तो पाच फूट दहा इंच भरला. आपला पलंग सव्वासहा फुटांचा. तो ठेवला की कपाटाचं दार अर्धंच उघडतं, आणि रात्री बाथरूमला उठायचं तर आईला पलंगाच्या कडेने अंग चोरून जावं लागेल. या गुडघ्यांनी!

मग बाहेर टपरीवर तासभर बसलो. शेजारच्या सोसायटीत लोक राहायला आले आहेत. तेवढ्या वेळात तिथे तीन टँकर शिरले. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण त्या सोसायटीचं पाणी अजून टँकरवरच आहे आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये येतात, असं वॉचमन म्हणाला.

ऑफिसातला मुलगा मात्र "आजच चेक द्या, दसऱ्यानंतर रेट वाढणार" म्हणत दोन लाख मागत होता. दीड वर्षात ताबा, असं त्याने दोनदा सांगितलं. बिल्डरांना प्रकल्प जिथे नोंदवावा लागतो त्या महारेराच्या वेबसाइटवर हा प्रकल्प काढून बघितला तर ताब्याची तारीख त्याच्याही दोन वर्षं पुढची. भाडं पाण्यात जातं, हे तुमचं म्हणणं मला पटतं बाबा. पण तोवर भाड्याचे २१ हजारही द्यायचे आणि उचललेल्या कर्जाचं व्याजही.

रीसेलचाही एक बघितला, धानोरीत. छान होता, पूर्वेची बाल्कनी. मालक म्हणाले, दहा लाख रोख, कागदावर बाकीचे. बँक कागदावरच्या रकमेवरच कर्ज देते, आणि तसे पैसे देणं तुम्हाला चाललं नसतं. तुमच्या जावयांनी तिथल्या तिथे नाही सांगितलं.

आता दोन वर्षं थांबायचं ठरवलंय. रीसेलला जीएसटी नाही, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा महापालिकेचा दाखला) असलेलं, वडगाव शेरीकडचं जुन्या सोसायटीतलं घर बघू. लहान चालेल, पण लिफ्ट आणि नळाला पाणी हवं. कागद वकिलांना दाखवल्याशिवाय एक रुपया देणार नाही.

आणि बाबा, ती एफडी आईच्या गुडघ्यांची आहे. डॉक्टरांनी मागच्या दिवाळीतच ऑपरेशन सांगितलं होतं. आई, तू "लेकीचं घर होऊ दे आधी" म्हणून ते पुढे ढकलतेस, हे मला वहिनीकडून कळलं. ऐकून मी रात्रभर जागी होते. माझ्या घरासाठी तू जिना धरून धरून चढायची, हे मला नको.

बँकेतून फॉर्म आणला असेल तर तो भरू नका. डॉक्टरांची तारीख घ्या आणि मला कळवा. पंधरा दिवसांची रजा शिल्लक आहे, मी येते.

तुमची,
ताई