स्कॅन केलेल्या पानाला रुमालाचा पत्ता द्या : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

जुन्या दप्तरांच्या स्कॅनिंगचा विषय निघाला की किती पानं झाली, हे आधी विचारलं जातं. मी मोडी वाचतो, त्यामुळे मला दुसरीच काळजी आहे : झालेलं पान उद्या सापडणार कसं? २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त जातीच्या दाखल्याला लागणाऱ्या कुणबी नोंदींसाठी ठिकठिकाणची दप्तरं उघडली गेली. पणजोबांचं नाव शोधणाऱ्या कितीतरी घरांना तेव्हा कळलं, की कागद असणं वेगळं आणि तो हाती लागणं वेगळं.

पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालाला, म्हणजे कागद बांधून ठेवलेल्या कापडी गाठोड्याला, क्रमांक असतो, रुमालात पुडकी, पुडक्यात कागद. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास असे हिशेबी कागदांचे विभाग आहेत. कागद ज्या रुमालात निघाला त्यावरून तो कुठल्या कामकाजाचा, हे अर्धं तरी समजतं. स्कॅन झाल्यावर मात्र चित्र एकटं पडतं. रुमालाशी त्याचं नातं सांगणारी पहिली खूण म्हणजे फाइलचं नाव. एका संस्थेकडून मला मिळालेल्या डिस्कवर ‘न्यू फोल्डर’, ‘फायनल’, ‘फायनल २’ अशी नावं होती. आतली चित्रं उत्तम, अक्षर न् अक्षर स्पष्ट. पण कोणता कागद कोणत्या रुमालातला, हे सांगायला तिथे कुणीच उरलं नव्हतं. अशा कागदाचा हवाला अभ्यासकाने द्यायचा कसा?

म्हणून माझी मागणी एकच आहे. पुढचं स्कॅनिंग सुरू होण्याआधी नाव देण्याची पद्धत शासन निर्णयाने ठरवा आणि ती मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर सगळीकडे एकच ठेवा. नावात अभिलेखागार आणि विभाग यांची ठरावीक आद्याक्षरं, मग रुमाल, पुडकं, कागद यांचे क्रमांक आणि पाठ की पोट याची खूण, एवढंच असावं. क्रमांक ०४१२-०७-००२३ असे, आधी शून्यं घालून लिहावेत. नाहीतर बऱ्याच याद्यांत १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो.

नावात विषय घालू नये. ‘पानिपत’ असं नाव दिलेल्या पत्रात दाण्यावैरणीचा हिशेबही असू शकतो, आणि तो शोधणारा तिथे कधीच पोहोचणार नाही. तारीखही घालू नये, आणि याबद्दल माझा विशेष आग्रह आहे. आपल्या कागदांत शालिवाहन शक, फसली, सुहूर, राज्याभिषेक शक अशा कितीतरी कालगणना येतात. सुहूर सन मृगाला बदलतो. तो अरबी अंकशब्दांत लिहितात : ‘इहिदे सितैन मया व अलफ’ (एक, साठ, शंभर आणि हजार) म्हणजे सुहूर ११६१. त्यात १७६० चा पावसाळा येतो आणि १४ जानेवारी १७६१ चं पानिपतही. इसवी सन काढायला सुहूर सनात ५९९ मिळवायचे की ६००, हे स्कॅनरवर बसलेल्या मुलाने घाईत ठरवू नये. चुकलेलं साल एकदा नावात शिरलं की प्रत्येक प्रतीबरोबर फिरत राहतं. तारीख सोबतच्या यादीत लिहावी : एका रकान्यात कागदावर आहे तशी, शेजारी जाणकाराने काढलेलं इसवी सन. यादीत चूक दुरुस्त करता येते.

फाइलचं नाव रोमन अक्षरं आणि अंकांतच असावं, असं मी मराठीच्या प्रेमापोटीच म्हणतो. ‘साताऱ्याची’ मधला ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण एका प्रकारे टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर सापडेलच असं नाही. गावं, माणसं, विषय हे सगळं मराठीत यादीत यावं, भरपूर यावं, आणि ती यादी लोकांना मोफत उतरवून घेता यावी.

आधी झालेल्या फाइलींची नावं बदलाल तेव्हा जुनं नावही एका रकान्यात राहू द्या. कुणाच्या तरी प्रबंधाच्या तळटिपेत ते छापलं गेलेलं असेल.

स्कॅनिंगच्या कंत्राटात पानांच्या संख्येबरोबर ही अटही घाला : नाव आणि यादी रुमालाशी ताडून पाहिल्याशिवाय देयक मंजूर होणार नाही. ताडणीला मोडी जाणणारी माणसं लागतील. मोडी शिकलेली मुलं महाराष्ट्रात आहेत, त्यांना हे काम मानधनावर द्या.

आपला,
एक मोडी वाचक