नक्षी घेताना विचारलं कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जगभरच्या आदिवासी फॅशन डिझायनरांवरचा लेख वाचला. आवडला, पण अर्धाच वाटला. ‘मुळांशी नाळ राखून करिअर’ म्हणजे जॅकेटच्या पाठीवर आजीची नक्षी, एवढ्यावरच तो थांबतो. मी 28 वर्षं कापडावरच्या छपाईसाठी डिझाइनं काढली. नक्षी कपड्यावर उतरवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम, हे मी अनुभवाने सांगते.

आमच्या स्टुडिओत ‘फ्लोरल’, ‘चेक्स’, ‘ट्रायबल’ असे फोल्डर होते. ‘ट्रायबल’मध्ये काहीही चालायचं. अमेरिकेतल्या नाव्हाहो लोकांनी आपलं नाव वापरून माल विकल्याबद्दल 2012 साली एका बड्या कपडे कंपनीला कोर्टात खेचलं; 2016 मध्ये तडजोड झाली. आमच्याकडे त्याचा परिणाम एवढाच, की फाइलींच्या नावांतून ‘नाव्हाहो’ शब्द काढा असा निरोप आला. एका दुपारी त्या सगळ्या फाइली ‘अ‍ॅझटेक’ झाल्या. अ‍ॅझटेक मेक्सिकोतले, त्यांचा नाव्हाहो विणकामाशी काय संबंध, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

2015 मध्ये लंडनच्या केटीझेड या ब्रँडचा एक स्वेटर गाजला. त्यावरची नक्षी कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्युइट लोकांतल्या अवा नावाच्या शमनच्या, म्हणजे आत्म्यांशी बोलणाऱ्या वैदूच्या, अंगरख्यावरून जशीच्या तशी उचललेली होती. त्या अंगरख्याचा 1920च्या दशकातला फोटो उपलब्ध आहे. छातीवर हाताचे दोन पंजे दिसतात. बुडून मरण येऊ नये म्हणून अवाने ते स्वतःच्या रक्षणासाठी करून घेतले होते, असं त्याच्या पणतीने सांगितलं. ब्रँडने माफी मागून स्वेटर मागे घेतला. फोटो पाहिला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? हे पंजे दोन रंगांत बसतील, म्हणजे छपाईच्या दोनच जाळ्या (स्क्रीन) लागतील, रंगाला एक. सवय!

त्याच वर्षी, त्याच ब्रँडच्या न्यूयॉर्कच्या शोमधला एक ड्रेस आपल्या डिझाइनशी फारच मिळताजुळता असल्याचं बेथनी यलोटेल यांनी जाहीरपणे दाखवून दिलं. त्या अमेरिकेतल्या क्रो आणि नॉर्दर्न शायान या आदिवासी जमातींतल्या, मूळच्या मोंटाना राज्यातल्या. क्रो बायकांच्या जुन्या झग्यांवर एल्क या मोठ्या हरणाचे सुळे ओळीने शिवलेले असतात. एका एल्कच्या तोंडात असे सुळे दोनच. म्हणजे 300 सुळ्यांच्या झग्यामागे दीडशे जनावरं आणि कुणाच्या तरी आयुष्यभराची शिकार. (पुढे हाडाचे कोरलेले नकली सुळेही वापरात आले, तो भाग वेगळा.) हे घरात पाहिलेल्या मुलीला ‘ओव्हल मोटिफ, रिपीट’ (लंबगोल नक्षी, पुन्हा पुन्हा) असं कसं म्हणता येईल? यलोटेल आधी दुसऱ्यांच्या कंपन्यांत पॅटर्नमेकर, म्हणजे कपडा बेतायचे नमुने काढणाऱ्या, होत्या. स्वतःचा ब्रँड काढला तेव्हा त्यांनी इतर आदिवासी कारागिरांचं मणीकाम आणि दागिनेही त्या त्या कारागिराच्या नावासह विकायला ठेवले. माझ्या मते त्यांच्या करिअरमधली खरी बातमी ही आहे, आणि तुमच्या लेखात तिला एक ओळसुद्धा नाही.

आता स्वतःचं सांगते. आमच्याकडे एक आदिवासी मुलगी शिकाऊ म्हणून आली होती. हात इतका सरळ, की पट्टी न लावता रेघ ओढायची. सीझनचं काम डोक्यावर होतं, म्हणून तिला म्हटलं, तुझ्या घरचं काहीतरी दाखव. तिने फोनवर आजीच्या कापडाचे पाच-सहा फोटो दाखवले. त्यातल्या एका किनारीवर मी बोट ठेवलं. ती म्हणाली, “मॅडम, ही नको. ही घरात कुणी गेल्यावरच्या कापडाची आहे. आजीला विचारावं लागेल.” मी म्हटलं, विचार की. ती म्हणाली, आजीकडे फोन नाही, रविवारी जाऊन विचारते. तो मंगळवार होता आणि शुक्रवारी बायरची, म्हणजे माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाची, मीटिंग.

मी तिच्याकडून फोटो मागवून घेतला आणि स्वतः बसून काढली. 64 सेंटिमीटरचा रिपीट (कापडभर पुन्हा पुन्हा छापला जाणारा तुकडा), चार रंग. मूळ किनारीत एका ठिकाणी रेघ तुटलेली होती. जोड नीट बसावा म्हणून मी ती सांधली. ती तूट मुद्दाम ठेवलेली होती की काय, ते मला आजही माहीत नाही. बायरला डिझाइन आवडलं आणि ते उशांच्या अभ्र्यांवर गेलं. मुलीने पुढच्या महिन्यात काम सोडलं. भांडली नाही, येते म्हणाली आणि गेली.

आता ती स्वतःचे कपडे शिवते, थोडेच. मी तिचं काम लांबून पाहते. इतर नक्ष्या आहेत, ती किनार कुठेच नाही. मुळांशी इमान म्हणतात ते मला या न दिसणाऱ्या किनारीत दिसतं. आणि त्याचीच तिला किंमत मोजावी लागते. बायरला शुक्रवारी उत्तर हवं असतं, तिची आजी रविवारी भेटते. कायद्याचाही आधार लंगडा. कॉपीराइटला एक ठरावीक कर्ता लागतो आणि त्याची मुदतही संपते. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या गावाने काढलेल्या नक्षीचा कर्ता कोण दाखवणार?

माझी विनंती साधी आहे. अशा डिझायनरची मुलाखत घ्याल तेव्हा ‘प्रेरणा कुठून मिळाली’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. काय विकायचं नाही असं ठरवलंत, आणि ते ठरवताना घरी कुणाला विचारलंत, हे विचारा. 2023 मध्ये डिझायनर जेमी ओकुमा अमेरिकेच्या फॅशन डिझायनर्स कौन्सिल या संघटनेच्या पहिल्या अमेरिकन आदिवासी सदस्य झाल्या. त्यांचं मणीकाम लहानपणापासूनचं. अशा बाईकडे या प्रश्नाचं उत्तर नक्की असेल.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्या किनारीची फाइल कंपनीच्या सर्व्हरवर ‘ट्रायबल 17 फायनल’ या नावाने आहे. निघायच्या दिवशी ती काढून टाकता येईल का, असं विचारलं होतं. ती कंपनीची मालमत्ता आहे, असं उत्तर मिळालं.

आपली,
एक निवृत्त टेक्स्टाइल डिझायनर