मुलांच्या आधी शिक्षकांना गाडीत बसवा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारायचा विचार आपल्या खात्याने २०२३ साली पुढे आणला. अशा शाळा तेव्हा पंधरा हजारांच्या आसपास होत्या. शिक्षक संघटना आणि पालक त्यावर बोलले आहेतच. मी लिहितेय ते मात्र अशाच शाळेची माजी विद्यार्थिनी म्हणून. माझी शाळा इंग्लंडात होती, एवढाच फरक.

वडील साताऱ्याकडचे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर म्हणून गेले आणि लिंकनशायरमधल्या एका खेड्यात त्यांनी दवाखाना घेतला. सगळीकडे बीट आणि बार्लीची शेतं, मध्ये चर्च, एक दुकान, त्याच दुकानात पोस्ट. औषधाचं दुकान मैलोगणती लांब, म्हणून गोळ्या-औषधं दवाखान्यातूनच द्यायची मुभा होती. जवळच्या लाउथ गावाहून सुटणाऱ्या प्रवासी रेल्वेगाड्या १९७० मध्येच बंद झालेल्या. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांचं सगळं जग बसच्या वेळापत्रकात बसवलेलं.

शाळा दोन खोल्यांची, चर्चने एकोणिसाव्या शतकात बांधलेली. खिडक्या इतक्या उंच की बाहेरचं झाड दिसायचं, रस्ता दिसायचा नाही. संडास अंगणापलीकडे. दुपारचं जेवण दुसरीकडे शिजून पत्र्याच्या मोठ्या डब्यांतून गाडीने यायचं आणि कोबी त्या प्रवासात पार हतबल झालेला असायचा. छोट्यांच्या खोलीत दुधाच्या बाटल्या यायच्या, मोठ्यांच्या खोलीत नाही. सात वर्षांवरच्या मुलांचं फुकट दूध १९७१ च्या कायद्याने बंद झालं होतं, शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर. मोठी मुलं दार किलकिलं करून बाटल्यांकडे बघत. मंत्र्याची सही खेड्यातल्या खोलीपर्यंत कशी पोचते, हे मी तेव्हा पाहिलंय.

पट इतका कमी की नाताळच्या नाटकात प्रत्येकाला काम मिळायचंच. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांपैकी एक मी, दरवर्षी. मिशी काढायची आणि हातात धूपाचा डबा द्यायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. सुगीच्या सणाला चर्चमध्ये भोपळे, सफरचंदं, डबाबंद वाटाणे मांडायचे आणि मग तेच आम्ही म्हाताऱ्या माणसांना घरोघर नेऊन द्यायचो. त्यामुळे गावात एकटं कोण राहतं, कुणाचा कुत्रा चावतो, कुणाला ऐकू कमी येतं, हे आम्हा मुलांना तोंडपाठ. १९७७ च्या जूनमध्ये राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा गावाची पंगत शाळेच्याच अंगणात बसली. आईने शंकरपाळे केले होते. सँडविचच्या आधी संपले.

आईबद्दल थोडं सांगायला हवं. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं आणि नऊवारी नेसणाऱ्या सासूच्या घरातून ती थेट या थंडीत आलेली. ती गावात मिसळली ती शाळेच्या फाटकाशी. साडेतीनला मुलांना न्यायला आलेल्या बायका पाच-दहा मिनिटं उभ्या राहत, आणि तिचं इंग्रजी त्या पाच-दहा मिनिटांत घडलं. कुठल्याही सरकारी अहवालात या फाटकाचा खर्च किंवा उत्पन्न दिसणार नाही.

छोटी शाळा म्हणजे स्वर्ग, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या वयाचा वर्गात एकच मुलगा होता आणि आमचं मुळीच जमत नसे. विज्ञान म्हणजे टेबलावर मांडलेली पानं, पिसं आणि एक रिकामं घरटं. अकराव्या वर्षी शेकडो मुलांच्या शाळेत गेले तेव्हा मी भेदरून गेले होते. आपले अधिकारी एकलकोंड्या शिक्षणाबद्दल बोलतात ते खोटं नाही.

मी बाहेर पडल्यावर काही वर्षांनी पटाचं कारण देऊन ती शाळा बंद झाली. धाकटा भाऊ सात वर्षांचा होता. डिसेंबरात तिकडे आठ वाजेपर्यंत नीट उजाडत नाही. तो अंधारात मिनीबसची वाट बघत उभा राहायचा. नव्या शाळेत खेळाचं मैदान होतं, वाद्यं होती. पण ती सगळी मजा शाळा सुटल्यावर, आणि मिनीबस शाळा सुटताच निघायची. ज्यांच्याकडे मोटार नव्हती ते आईबाप शिक्षकांना भेटेनासे झाले. पुढे दुकानही बंद पडलं. शाळेमुळेच पडलं असं सिद्ध करता येणार नाही, पण साडेतीनचं गिऱ्हाईक गेलं हे दुकानदारीण स्वतः सांगायची. शाळेची इमारत विकली गेली, आता तिथे कुणाचं तरी महागडं घर आहे.

अशा अनेक शाळा गेल्यावर तिथलं सरकार वरमलं. १९९८ पासून खेड्यातली प्राथमिक शाळा शक्यतो बंद करायची नाही, असं धोरण आलं. २००६ च्या शिक्षण कायद्याने तर बंदचा प्रस्ताव आणणाऱ्यांवर बंधनच घातलं: गावावर काय परिणाम होईल, वाहतुकीची सोय आणि खर्च काय, मोटारी किती वाढतील, दुसरा मार्ग आहे का, हे आधी पाहा. पालकांना आणि स्थानिक परिषदांना विचारा. तरीही शाळा बंद होतात, पण प्रत्येक शाळेचा विचार वेगळा होतो. दुसरा मार्गही त्यांनी काढला. दोन-तीन शाळांना मुख्याध्यापक एक, कारभार एक, मुलं मात्र आपापल्या गावात.

आपल्याकडे यासाठी नवं काही उभारायला नको. आसपासच्या शाळांच्या गटासाठी केंद्रशाळा आहेत, त्या गटावर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आहेत. विज्ञानाचा, चित्रकलेचा, खेळाचा शिक्षक आठवड्यातून ठरलेल्या दिवशी वस्तीवरच्या शाळेत पाठवा. महिन्यातून एकदा सगळ्या छोट्या शाळांची मुलं केंद्रशाळेत एकत्र आणा, खेळू द्या, भांडू द्या. त्या दिवसापुरती बस पुरते. रोजची बस बिघडली की पहिल्यांदा मुलींचं शाळेत जाणं थांबतं, हे मी आपल्याला सांगायला नको.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलांना घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा देऊ केली आहे. विलीनीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत माझी एवढीच मागणी आहे: नव्या शाळेचं अंतर नकाशावरून काढू नये. जुलैत, ओढ्याला पाणी असताना, सहा वर्षांच्या मुलासोबत अधिकाऱ्याने ते चालून मोजावं, लागलेला वेळ लिहावा आणि तो कागद ग्रामसभेपुढे ठेवून मगच ठराव मागावा.

आपली,
एका बंद पडलेल्या शाळेची माजी विद्यार्थिनी
सातारा