गोल्डफिश आजारी पडला की आधी पाणी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात पाळीव प्राण्यांवर अधूनमधून चांगलं छापून येतं पण ते सगळं कुत्रा आणि मांजर यांच्याभोवतीच फिरतं, फार तर एखाद्या वेळी पोपट. घरोघरी काचेच्या टँकमध्ये जे मासे असतात त्यांच्यावर एक ओळ नाही. आणि मासा आजारी पडला की लोक काय करतात, तर दुकानात मोबाईलवर फोटो दाखवतात, दुकानदार निळी नाहीतर पिवळी बाटली हातात देतो, ती आणून टँकमध्ये ओतायची आणि दोन-चार दिवसांत मासा मेला की "गोल्डफिश जगतच नाही हो" म्हणून मोकळं व्हायचं. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं म्हणून हे पत्र. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं आरामात जगतो, विशी ओलांडलेलेही आहेत. तो महिन्या-दोन महिन्यांत जात असेल तर दोष त्याच्या जातीचा नाही, बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो, आणि पाणी आपल्या हातात आहे.

आता हे जरा सविस्तर लिहितो कारण सगळी गोम इथेच आहे. गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला मासा, त्याला आपल्यासारखं जठर नसतं, थोडं थोडं दिवसभर खात राहायचं आणि तेवढीच घाण करत राहायची ही त्याची रीत. त्यात कल्ल्यांमधून तो सतत अमोनिया सोडत असतो, म्हणजे नुसती विष्ठा काढून टाकली की काम झालं असं नाही. हा अमोनिया विषारी. फिल्टरच्या स्पंजमध्ये जे बॅक्टेरिया वाढतात ते त्याचं नायट्राईट करतात, तेही विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, पाणी बदललं की जातं. ही बॅक्टेरियांची फौज उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपण टँक आणतो त्याच संध्याकाळी चार मासे सोडतो! मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासा तळाशी बसून राहतो, पर अंगाला चिकटवून घेतो, नाहीतर वर येऊन तोंडाने हवा ओढत राहतो, आणि आपण शोधतो रोग कुठला. खोली धुराने भरलीय आणि खोकणाऱ्या माणसाला आपण खोकल्याचं औषध पाजतोय, असला हा प्रकार.

म्हणून मासा मलूल दिसला की पहिलं काम टेस्ट किट, म्हणजे पाण्यातला अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट मोजायचा संच. थेंबवालं किट घ्या, कागदी पट्ट्यांपेक्षा बरं पडतं. छोट्या काचेच्या नळीत टँकचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. बहुतेक किटमध्ये पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवटपणाकडे झुकलं की आहे, गडद हिरवं झालं तर मग औषधाचा विचारच सोडा आणि बादली उचला. अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य आणि नायट्रेट 40 पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅमच्या) खाली, वीसच्या आसपास राहिलं तर उत्तम, एवढे तीन आकडे लक्षात ठेवले तरी निम्म्याहून जास्त गोल्डफिश वाचतील असं माझं स्वतःचं मत आहे. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून ते चांगलं असं अजिबात नाही, अमोनिया डोळ्याला दिसत नाही.

पाणी बदलायचं म्हणजे सगळं ओतून टँक घासूनपुसून लख्ख करायचा नाही, हे तर ठळक अक्षरात छापा. घरातल्या उत्साही माणसांना हे पटतच नाही. एका वेळी पाव ते अर्धं पाणी, नवीन पाण्याचं तापमान जुन्याच्या जवळपास, आणि नळाचं असेल तर आधी अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो हे खरं पण जिथे पाण्यात क्लोरामाईन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) घालतात तिथे तो नुसता ठेवून जात नाही, तिथे अँटिक्लोरीनच लागतं. फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुणं हा सगळ्यात मोठा घात, कारण क्लोरीनने ते बॅक्टेरिया मरतात आणि टँक परत पहिल्या दिवसावर येतो. टँकमधून काढलेल्या पाण्यातच स्पंज दोन-चारदा पिळायचा आणि परत लावायचा, तो मळकट तपकिरी दिसला तरी चालतो, किंबहुना तसाच दिसायला हवा.

एक बारीक गोष्ट, जी फार लोकांना माहीत नसते. टँकचं पाणी महिनोन्महिने बदललेलं नसेल तर त्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी याचं माप, आकडा कमी तितकं पाणी आम्लधर्मी) हळूहळू खाली आलेला असतो आणि कमी पीएचला अमोनियाचा बराचसा भाग निरुपद्रवी रूपात पडून असतो. पीएच 7 वरून 8 वर गेला की विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. अशा टँकचं एकदम अर्ध्याहून जास्त पाणी बदललं तर पीएच झटकन वर जातो, आणि "काल तर साफ केलं आणि आज मेला" असं होतं ते यामुळे. तिथे रोज थोडं थोडं बदलत जायचं. आणि अमोनियातून वाचलेल्या माशाच्या अंगावर कधीकधी काळे डाग येतात, ते भाजलेली जागा भरून येत असल्याची खूण असते बहुतेकदा, त्याला नवा रोग समजून पुन्हा बाटली आणू नका.

आता पांढऱ्या ठिपक्यांचं सांगतो. आमच्या शेजारच्या घरात एक चांगला मोठा गोल्डफिश आहे, त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर पांढरे ठिपके दिसले म्हणून दुकानदाराने मिथिलीन ब्लू दिलं, मुख्य टँकमध्येच ओतायला सांगितलं. पाणी निळंशार, टँकचं सिलिकॉनसुद्धा निळं, आणि फिल्टरच्या बॅक्टेरियांचंही त्यात नुकसान होतं ते वेगळंच. मी बॅटरी धरून बाजूने बघितलं तर ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या पहिल्या जाड काट्यावर, ओळीने, एकसारखे, बाकी अंग स्वच्छ, शेपूट स्वच्छ, आणि मासा एका मादीच्या मागे टँकभर धावतोय. अहो तो नर होता आणि वयात आला होता. नराला विणीच्या काळात असे दाणे येतातच, तो रोग नाही. खरा व्हाईट स्पॉट म्हणजे इक, हा परजीवीमुळे होणारा रोग, असेल तर मीठ शिंपडल्यासारखे दाणे अंगभर, शेपटीवर, परांवर कसेही विखुरलेले असतात आणि मासा दगडाला अंग घासत फिरतो.

तो खरा इक असला तर तिथे उपचार लागतो, नाही असं नाही. पण त्याची गंमत अशी की अंगावरच्या दाण्यात बसलेल्या परजीवीपर्यंत औषध पोचतच नाही, तो दाण्यातून सुटून तळाशी जातो, तिथे फुटून त्याची शेकडो पिल्लं पोहायला निघतात, तेव्हाच काय तो मरतो. म्हणून ठिपके गेले की दुसऱ्याच दिवशी औषध बंद करणारे लोक पुढच्या आठवड्यात परत दुकानात दिसतात. 24-25 अंशाला त्याचं चक्र साधारण आठवड्याच्या आत पूर्ण होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळतं, त्यामुळे तापमान सावकाश थोडं वाढवून ठिपके गेल्यावरही उपचार चालू ठेवायचा. पाणी गरम केलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा एअरपंप जोरात हवा.

मिठाबद्दल लोक दोन टोकांना असतात, काहींना ते सगळ्यावर रामबाण वाटतं तर काहींना गोड्या पाण्याच्या माशाला मीठ म्हणजे अघोरीपणा वाटतो. गोल्डफिशला लिटरमागे 1 ते 3 ग्रॅम साधं मीठ काही दिवस सहज सोसतं. नायट्राईट वाढलं असेल तर मीठ खरंच जीव वाचवतं, कारण मिठातलं क्लोराईड कल्ल्यांतून नायट्राईटला आत शिरू देत नाही, नाहीतर ते रक्तात जाऊन रक्त तपकिरी करतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. पण मीठ वजन करून घ्या, चिमूट-मूठ अशा मापाने नको, आधी वेगळ्या पाण्यात विरघळवा, एक-दीड दिवसात दोन-तीन हप्त्यांत घाला आणि लक्षात ठेवा की पाणी उडून गेलं तरी मीठ टँकमध्येच राहतं, त्यामुळे नुसती भर घातलेल्या पाण्यात परत मीठ टाकायचं नाही. टँकमध्ये झाडं असतील तर ती मात्र जातील. म्हणून वीस-तीस लिटरचा एक साधा वेगळा डबा, चालू टँकमधला एखादा मुरलेला स्पंज फिल्टर आणि एअरपंप एवढं असलं तर आजारी माशाला तिकडेच ठेवायचं, तळाला खडीबिडी काही नको.

पोट वर करून तरंगणारा मासा, हा आणखी एक ठरलेला प्रसंग. गोलमटोल फॅन्सी जातींमध्ये जास्त, कारण माणसाने त्यांचं अंगच असं आखूड करून ठेवलंय की आतडी आणि हवेची पिशवी एकमेकांना दाबतात. घाबरून औषध टाकण्याआधी दोन-तीन दिवस खायला देऊ नका, निरोगी गोल्डफिशला त्याने काही होत नाही, मग उकडलेला वाटाणा साल काढून कुस्करून द्या आणि पुढे कोरडे दाणे पाण्यात भिजवून द्या. बरेच मासे एवढ्यावर सरळ होतात. सगळेच नाही, काही कायमचे वाकडे पोहतात आणि तसेच वर्षानुवर्षं मजेत जगतात, त्याचं एवढं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

ज्याची खरंच चीड येते ती म्हणजे माणसांच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकणं. रोग कुठला माहीत नाही, डोस माहीत नाही, फिल्टर मरतो, आणि मग ते पाणी गटारात. औषधांना न जुमानणारे जंतू असेच तयार होतात, ते फक्त माशांपुरते राहत नाहीत. परांच्या कडा कुजायला लागल्या असतील तर सुरुवातीला रोज स्वच्छ पाणी दिलं तरी पुष्कळदा नवा पातळ पारदर्शक पर फुटताना दिसतो. जखम अंगापर्यंत पोचली तर मात्र पशुवैद्याला विचारा. माशांवर उपचार करणारे पशुवैद्य असतात, माशाला भूल देऊन एक्स-रेसुद्धा काढतात, पण मालकांनी विचारलंच नाही तर डॉक्टर तरी कशाला तिकडे लक्ष घालतील.

काही वेळा काहीच होत नाही हेही लिहायला हवं. खवले चहूबाजूंनी ताठ उभे राहून मासा फुगला असेल तर बहुतेकदा आत मूत्रपिंडं निकामी झालेली असतात, त्यातून फार थोडे वाचतात. तेव्हा जिवंत माशाला फ्लश करणं किंवा फ्रीजरमध्ये टाकणं हा निव्वळ क्रूरपणा आहे, पशुवैद्य भुलीच्या जास्त डोसने त्याला वेदना न देता सोडवू शकतो. आणि "बिचाऱ्याला तळ्यात सोडू" हे तर मुळीच नको, आजारी असो वा धडधाकट, गोल्डफिश तळ्यात टिकला तर तळ उकरून पाणी गढूळ करतो, तिथल्या माशांचं खाणं पळवतो आणि त्याचे रोगही त्यांना देतो.

तेव्हा विनंती अशी की पाळीव प्राण्यांच्या पानावर कधीतरी एखाद्या जलचर तज्ज्ञाला लिहायला सांगा, आणि मासे विकणाऱ्यांनी पिशवीबरोबर निदान टँक कधी तयार होतो एवढं सांगणारा एक कागद द्यावा असंही लावून धरा. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागा नसेल तर बाकीचं खुशाल कापा, टेस्ट किटचा आणि स्पंज धुण्याचा भाग तेवढा ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक