कधी जायचं ते आमचं आम्ही बघू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला, बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या वाळलेल्या हाडांच्या दृष्टांतावरचा लेख वाचला. त्याच दिवशी लिहिलं असतं तर तुम्ही छापलं नसतंत म्हणून एक रात्र मध्ये जाऊ दिली. देवाने विखुरलेल्या इस्रायलला गोळा करायचं वचन दिलं, 1948 ला इस्रायल देश झाला तेव्हा ते पुरं झालं, आणि भारतातले ‘उरलेसुरले’ बेने इस्रायलीही, म्हणजे आम्ही कोकणातले मराठी ज्यू, आता परततील असं लेखकमहाशयांनी ठोकून दिलंय. उरलेसुरले म्हणजे काय हो, आम्ही काय कालच्या पंगतीतला भात आहोत का?

परिणाम सांगतो. सकाळी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, “मग, कधी निघताय?” संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तुमच्या लेखाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, फ्लॅट काढायचा झाला तर आधी घरातल्यांना विचारा, पार्किंगसकट. वर हात जोडलेला इमोजी. ज्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, कोकणात घाणे चालवले, शनिवार आमचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद म्हणून शनिवार तेली म्हणवून घेतलं, त्यांना आता ठाण्यात विचारतायत कधी निघताय!

आणि वचनाचं तर आम्हाला कुणी शिकवूच नये. माझे वडील रोज सकाळच्या प्रार्थनेत ‘पृथ्वीच्या चारी कोपऱ्यांतून आम्हाला शांतीने आण’ हे शब्द आले की तल्लीथच्या, म्हणजे प्रार्थनेच्या शालीच्या, चारी टोकांचे सीसीथ (गाठी मारलेले गोंडे) एकेक करून डाव्या हातात गोळा करायचे आणि शमा ही आमची मुख्य प्रार्थना म्हणताना ती मूठ घट्ट धरून ठेवायचे, डोळे मिटून. मग तल्लीथची घडी, चहा, आणि धावत लोकल, कारण रेल्वेत नोकरी. वचनावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, तरी ते गेले नाहीत, आणि यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

लेखकांनी यशया, यहेज्केल असे सगळे संदेष्टे काढले पण यिर्मया संदेष्ट्याच्या 29 व्या अध्यायावरून बरोबर उडी मारली. बाबेलात (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या आमच्या लोकांना तो पत्र लिहितो की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षांनी परत नेईन हेही त्याच पत्रात आहे. पुढे इराणच्या कोरेश राजाने परतायची परवानगी दिली तेव्हाही कितीतरी लोक बाबेलातच राहिले आणि हजारेक वर्षांनी तिथेच बाबेली तालमूद हा आमचा मोठा धर्मशास्त्राचा ग्रंथ तयार झाला. त्यांना कुणी उरलेसुरले म्हटल्याचं ऐकलं नाही.

बरं, जे गेले त्यांचं काय झालं? लेखात येमेनमधून ज्यूंना आणणारी विमानं आहेत, 1991 ला छत्तीस तासांत इथिओपियातून आणलेले चौदा हजार लोक आहेत, आमच्या लोकांवर मात्र ती उरल्यासुरल्यांची एक ओळ. माझी आत्या साठच्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलला गेली. वाळवंटातल्या एका गावात राहिली, तिथल्याच एका मोरोक्कोच्या ज्यू मुलाशी लग्न ठरलं, आणि लग्न नोंदवायच्या ऑफिसात विचारलं की तू ज्यू कशावरून. 1962 ला तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फर्मानच काढलं होतं, बेने इस्रायलींचं दुसऱ्या कुणाशी लग्न असेल तर आईकडच्या पिढ्या तपासा म्हणून. तिने ठाण्याला पत्र टाकलं, आजोबांनी आजीचा कथुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, जपून गुंडाळून रजिस्टरने पाठवला. ऑफिसातल्या माणसाने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, ठीक आहे, आता आजीच्या आईचा दाखवा. देवाने हिला चारी कोपऱ्यांतून गोळा केली आणि कारकुनाने खिडकीवर अडवली!

1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आमच्या लोकांनी धरणं धरलं त्यात आत्या होती. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायली हे सर्व बाबतींत ज्यूच, मग फर्मानातून आमचं नाव गेलं आणि मग आत्याचं लग्न झालं. संसार छान झाला, परत यायचं नाव तिने काढलं नाही, पण त्या ऑफिसावरून जायची वेळ आली की पलीकडच्या फुटपाथने जायची, शेवटपर्यंत. गेले ते वचनासाठी गेले तसे इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांचं काय या काळजीनेही गेले. लेखकांना दोन्ही गोष्टी एका लेखात मावत नसाव्यात.

जाता जाता फोटोचं. खाली लिहिलंय ‘अलिबाग येथील बेने इस्रायलींचे प्रार्थनास्थळ’ आणि फोटो आहे पुण्याच्या कॅम्पातल्या लाल देवळाचा, जे डेव्हिड ससूननी बांधलं आणि ते बगदादी ज्यू. अलिबागचं आमचं प्रार्थनास्थळ मागेन अबोथ, ते इस्रायल आळीत आहे, वार्ताहर तिकडे गेले असते तर कुठल्याही रिक्षावाल्याने दारात सोडलं असतं. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, आणि आतल्या पानावर राशिभविष्याखाली नको, जिथे फोटो होता तिथेच.

आपला,
एक जुना वाचक (आणि वर्गणीदार), ठाणे