सरांच्या लेखांचा पत्ता

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

बऱ्याच महिन्यांनी लिहितो आहे, आणि तेही अशा गोष्टीसाठी, जिचे मोल तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही. सरांचे संकेतस्थळ बंद पडले आहे. आधी काही दिवस त्या पत्त्यावर जाहिरातींचे पान दिसत होते, आता काहीच उघडत नाही. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, सार्वजनिक नोंद पाहिली, तर नावाची मुदत संपून गेलेली आणि पुढे ‘रिडेम्प्शन पीरियड’ असा शेरा. माझी प्रकृती ठीक आहे, घरची मंडळीही मजेत आहेत. मात्र ही काळजी काही केल्या डोक्यातून जात नाही.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही, ते मुदतीने घ्यावे लागते, आणि डॉट कॉमसारख्या नावांची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते. मुदत संपल्यावर बहुतेक कंपन्या काही दिवस नेहमीच्या शुल्कात नूतनीकरण करू देतात. तो काळ आता उलटला आहे. त्यानंतरच्या या ‘रिडेम्प्शन पीरियड’च्या ३० दिवसांत जास्तीचे शुल्क भरून नाव सोडवता येते, तेही फक्त ज्याच्या नावावर नोंदणी होती त्यालाच, म्हणजे तुला. ते दिवस गेले की आणखी ५ दिवस नाव कोणाच्याच हाती राहत नाही, आणि मग ते पहिल्या मागणाऱ्याला मिळते. अशी सुटलेली नावे उचलण्यासाठी टपून बसलेले लोक असतात आणि त्यांची यंत्रे क्षणार्धात नोंदणी करतात.

सूचना आल्या नसतील असे नाही. मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत, अशा तीन सूचना पाठवणे आयकॅनच्या, म्हणजे डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या, नियमाने नोंदणी कंपनीला बंधनकारक आहे. पण त्या गेल्या तुझ्या जुन्या कार्यालयाच्या ईमेलवर, आणि तू नोकरी सोडलीस तेव्हाच ती पेटी बंद झाली. त्यामुळे ‘पासवर्ड विसरलो’ हे बटण दाबूनही काही साधणार नाही, कारण नव्या पासवर्डचा दुवा त्याच बंद पेटीत जाईल. तू कंपनीच्या मदत कक्षाशी थेट बोल, नोंदणीतल्या नावाशी जुळणारे ओळखपत्र आणि जुन्या पावत्या दे आणि ईमेल बदलून घे. बंड्या म्हणतो, सर असते तर त्यांनी हा विनंतीअर्ज तुझ्याकडून ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पाच वेळा लिहून घेतला असता.

लेख गेलेले नाहीत, एवढा दिलासा आहे. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये आपला जुना पत्ता टाकला, तर बहुतेक पाने सापडली. मी ती एकेक करून उतरवून घेतो आहे. माझा जीव गुंतला आहे तो पत्त्यात. स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर तो छापलेला आहे, नलूताईंनी तो कितीतरी जणांना हाताने लिहून दिला आहे, आणि वाचकांची पत्रे त्याच नावाच्या ईमेलवर येतात. उद्या हे नाव परक्या माणसाने घेतले, तर त्या ईमेलवर येणारे प्रत्येक पत्र त्याच्या हाती पडेल, आणि त्या ईमेलने उघडलेल्या खात्यांचे पासवर्डही तो बदलू शकेल. म्हणून सरांच्या छायाचित्रांच्या खात्याला मी आजच दुसरा ईमेल जोडला आहे.

नाव सोडवून झाले की मुदत एकदम लांबची घे, स्वयंचलित नूतनीकरण सुरू ठेव, आणि संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा देऊ नकोस. नाव बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो, म्हणजे किल्ली कुलपाच्या आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखे होते.

आता आपले जुने भांडण. सरांचे अंक जसे छापले गेले तसेच दिसावेत म्हणून तू पीडीएफचा हट्ट धरलास, आणि मी ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या स्वरूपातली फाइल, मागत राहिलो. माझे मत आजही तेच आहे. सहा इंची पडद्यावर छापील पानाची पीडीएफ वाचताना अक्षर मुंगीएवढे होते. ईपबमध्ये ते हवे तेवढे मोठे करता येते आणि ओळी आपोआप नव्याने जुळतात. शिवाय ते अंक युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची समान सांकेतिक पद्धत रुळण्याआधीच्या, फाँटमध्ये जुळवलेले आहेत. त्यात देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असल्यामुळे, मजकूर उचलून दुसरीकडे डकवला की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात आणि शोध घेता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणणे कष्टाचे आहे, तरी मी ते सुरू केले आहे. कॅलिबर या मोफत प्रणालीत ईपब तयार होतील, आणि त्यांच्या प्रती आपल्या दोघांकडे व नलूताईंकडे राहतील. २००९ साली ॲमेझॉनने विकलेली काही पुस्तके वाचकांच्या किंडल या ई-रीडरवरून परस्पर काढून घेतली होती, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे पुस्तकांचे दुकान बंद झाले तेव्हा घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. सरांचे लेखन मला कोणाच्याही दुकानाच्या भरवशावर ठेवायचे नाही.

तू ई-रीडर घेणार आहेस हे कळले. ई-इंकचा पडदा कागदासारखा बाहेरच्या प्रकाशात वाचता येतो आणि पान उलटतानाच काय ती वीज घेतो, त्यामुळे बॅटरी बरीच टिकते. घेण्यापूर्वी त्यावर एक मराठी ईपब उघडून जोडाक्षरे आणि रफार नीट दिसतात का, एवढे जरूर पाहा. लेकीच्या निकालाचे वाचून फार आनंद झाला, तिला माझे आशीर्वाद सांग. वहिनींच्या डोळ्यांचे काय झाले तेही कळव.

मदत कक्षाशी बोलणे झाले की काय ठरले ते मला फोनवरच सांग, पत्राची वाट पाहण्याइतके दिवस हाती नाहीत. शुल्क आपण निम्मे निम्मे वाटून घेऊ; यावर वाद नको.

तुझा,
माधव