देवघरातली नाणी घासू नकोस, आई

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मधेच रेंज जाते, म्हणून आज लिहूनच पाठवतेय. बाबा विचारत होते रत्नागिरीत बसून मी नक्की कसलं काम करते, तर सांगते. आपल्याकडे जुनी नाणी जमवणारे लोक आहेत ना, दापोलीपासून राजापूरपर्यंत पसरलेले, कुणी रिटायर्ड मास्तर, कुणी एसटीतले, एकांची तर हापूसची बाग आहे, त्यांची वेबसाइट आणि ब्रँड मी करतेय. ब्रँड म्हणजे नुसता लोगो नाही हं बाबा, रंग, अक्षर, फोटो कसे काढायचे, येणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं, सगळं त्यात आलं.

पहिल्या मीटिंगला सगळ्यांचं एकच, किल्ला पाहिजे, तलवार पाहिजे, जिरेटोप पाहिजे. मी म्हटलं आधी नाणी बघूया. एका काकांनी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, हातावर ठेवली, एका बाजूला श्री राजा शिव, दुसरीकडे छत्रपति, आणि कडेने ठिपक्यांचं वर्तुळ. पण ते अख्खं वर्तुळ सहसा दिसतच नाही, कारण ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान आणि घाव हाताने घातलेला, त्यामुळे एका बाजूचे ठिपके नाण्याबाहेरच जातात. लोगो मला तिथेच मिळाला. एका बाजूने तुटलेलं ठिपक्यांचं वर्तुळ, बास. ज्याने शिवराई हातात घेतलीय तो लगेच ओळखतो, आणि व्हॉट्सॲपच्या एवढ्याशा डीपीतही ते दिसतं.

रंग चकचकीत तांब्याचा नाही घेतला, जुन्या नाण्यावर चढतो तो काळपट तपकिरी घेतला. त्या थराला हे लोक पॅटिना म्हणतात आणि जिवापाड जपतात. आई, आता ऐक. देवघरातल्या डबीतली नाणी तू दर सणाला आमसुलाने घासतेस ना, ती प्लीज घासू नकोस. आमसुलातल्या आंबटाने तो थर जातो, खालचं तांबं उघडं पडतं, घासून घासून अक्षरंही झिजतात, आणि ते परत आणता येत नाही. तांब्या-पळी खुशाल घास, नाणी तेवढी राहू दे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सर्चवर. नाण्यांवर कुठे शिव, कुठे शीव, कुठे सिव असं कोरलेलं आहे, आणि जमवणाऱ्याला हाच फरक हवा असतो, म्हणजे कॉम्प्युटरने स्पेलिंग सुधारलं की कामच बिघडलं. म्हणून नाण्यावर आहे तसंच लिहायचं आणि शोधताना मात्र कसंही टाइप केलं तरी सापडलं पाहिजे, अशी सोय केली. मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई वेगळी काढता येते. शिवाय पानाला भाषा मराठी आहे असं कोडमधे सांगितलं आणि फॉन्टमधे सोय असली की श आणि ल आपल्या मराठी वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. श्री राजा शिव लिहिताना तो श आपलाच हवा, यावर मी अडूनच बसले होते.

फोटोची चौकटही गोल नाही, चौकोनी ठेवली, कारण एकांकडे लारी आहे. लारी म्हणजे चांदीची तार दुमडून तिच्यावर ठसा मारलेलं नाणं, इराणातल्या लार गावावरून नाव पडलं, समुद्रावरच्या व्यापारात चालायचं आणि पुढे आदिलशाहीनेही पाडलं. ते गोल चौकटीत कसं बसणार!

किमती कुठेच लावल्या नाहीत. यावर वाद झाला, पण मी ठाम राहिले. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी फी भरा, असं सांगून लोकांना लुबाडतात, २०२१ मधे रिझर्व्ह बँकेलाच सांगावं लागलं की आमचं नाव वापरून हे चाललंय, सावध राहा. कुणाकडे काय आहे हे पत्त्यासकट जगाला कळू नये म्हणून फोटोतली लोकेशनची माहितीही आपोआप पुसली जाते. आणि एक पान अगदी वरती ठेवलंय, कलमाचा खड्डा खणताना नाणी सापडली तर काय करायचं. १८७८ चा कायदा आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. हे आपल्या लोकांना साध्या मराठीत कुणीतरी सांगायला हवंच होतं.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. हे बघणारे बरेचसे तुमच्याच वयाचे आहेत, म्हणून अक्षर मोठं ठेवलंय आणि फोटो हलके केलेत, पावसात नेट रडतं तेव्हाही पान उघडावं म्हणून. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला फोनवर काय वाचता येतं नि काय नाही ते मला खरं खरं सांगा, मुलीने केलंय म्हणून छान म्हणू नका. लिंक पाठवतेय. पोरगी कॉम्प्युटरवर काहीतरी करते असं तुम्ही सगळ्यांना सांगता, ते काहीतरी तुम्ही स्वतः वापरून बघावं असं मला फार वाटतं.

पुढच्या रविवारी गुहागरला येतेय. डबीतल्या नाण्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढू, उजेड तिरका लागतो, तेव्हा सकाळीच पडवीत बसू, आणि वजनासाठी छोटा काटा मी आणतेय. आजीच्या माहेरून आलेली कुठली आणि आपल्या घरातली कुठली, हे आई तुलाच माहितीय, तेवढं आठवून ठेव. बीपीच्या गोळ्या दोघांनी वेळेवर घ्या.

तुमची,
मनू